नामदेवच्या गाडीचा कारबोरेटर

गफूरभाई, नामदेवच्या गाडीला तो मोठा कारबोरेटर तुम्ही बसवला नव्हता, मी बसवला होता, हे परवा मी हलीमाभाभींना सांगितलं. तुम्ही गेल्याला तेव्हा नऊ दिवस झाले होते. सात वर्षं हे एवढं एक वाक्य मी तोंडात धरून होतो. तुम्ही बोलू दिलं नाही म्हणून बोललो नाही, असं स्वतःला सांगत आलो. पण खरं सांगायचं तर शेवटच्या तीन-चार वर्षांत तुम्ही मला एकदाही अडवलं नव्हतं. गप्प मी होतो.

भाभी काय म्हणाल्या ते सांगतोच. पण आधी सगळं एकदा ओळीनं लावू द्या. तुमच्यासमोर बसून कधी लावता आलं नाही. अर्ध्यावर आलो की तुम्ही बिडी पेटवायचे आणि म्हणायचे, "पाना दे, सदा."

मी तुमच्याकडे आलो तेव्हा नागपूरहून दीक्षा घेऊन मला आठेक महिने झाले होते. त्याआधी कापसाच्या जिनिंगच्या इंजिनावर तेल घालायचं काम करत होतो. यवतमाळातल्या दोन गॅरेजवाल्यांनी मला नाव विचारलं, मग वस्ती विचारली, आणि मग काम नाही म्हणाले. तुम्ही काहीच विचारलं नाही. एक मोटार चालू करून दिली आणि म्हणालात, "आयक. कोनता सिलिंडर मरून राह्यला?" मी कान लावला आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. दुसरा होता. तुम्ही हसलात. "चुकला. पन घाबरला नाही. उद्यापासून ये." तुम्ही माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. वर्षभरात मी तुमचा भागीदार झालो. पाटीवर माझं नाव घालू का, असं तुम्ही विचारलं तेव्हा नको म्हणणारा मीच होतो.

कारबोरेटरच्या मापावरून आपलं पहिल्यापासून जमलं नाही. मी म्हणायचो, मोठं तोंड म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, आणि जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद. सरळ हिशेब. तुम्ही एक दिवस मला चुलीजवळ नेलं. भाभींची फुंकणी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा हातभर नळा, चांगला रुंद. म्हणालात, "दोन्हीतून फुक. छाती तुहीच हाये, श्वासही तेवढाच हाये." फुंकणीनं निखारा लाल झाला. नळ्यानं नुसती राख हलली.

"समजलं का? गळा अरुंद असला तं हवा जोरात जाते अन् जेटाच्या बारीक भोकातून पेट्रोल वर खेचते. गळा रुंद केला तं हवा सुस्त होते. इंजन जोरात पळून राह्यलं असलं तं रुंद गळा चालते, तेव्हा ते खूप हवा ओढते. पन चढावर, भरल्या गाडीत, हळू चालीवर? तिथं पेट्रोल वरच येत नाही, मंग ड्रायव्हर घाबरून पाय दाबते, चोक ओढते, अन् गाडी पेट्रोलात बुडते. इंजन पाहून कारबोरेटर घेऊ नोको, सदा. रस्ता पाह्य. चालवनारा कोन हाये ते पाह्य. किती मानसं बसवते ते पाह्य."

मला समजलं होतं. पटलं नव्हतं. समजणं आणि पटणं यात किती अंतर असतं ते मला पुढे कळलं.

नामदेव बाभुळगावकडचा. चार सिलिंडरची जुनी विलायती गाडी तो बाभुळगाव ते यवतमाळ सडकेवर भाड्याने चालवायचा. पंचविशीचा पोरगेला माणूस, नवीन लग्न झालेलं, गाडीवर जीव. त्याच्या कारबोरेटरचा दांडा झिजून ढिला झाला होता आणि बाजूने हवा ओढत होता. तो आला त्या दिवशी तुम्ही गॅरेजात होता. तो म्हणाला, "गफूरभाई, जोर पाहिजे गाडीले. दुसरे माह्या पुढं निघून जातात." तुम्ही म्हणालात, "या इंजनाले हाच बरोबर हाये. अठ्ठावीसचा गळा. दांड्याभोवती पितळी बुश टाकून देतो, नव्यासारखा होते. गाडी ठेवून जा." तो गेला. संध्याकाळच्या मोटारीने तुम्ही भाचीच्या लग्नाला नेरला गेलात. जाताना मला म्हणालात, "खोलून ठेव. बुश म्या येऊन टाकतो."

फळीवर माझा छत्तीसचा कारबोरेटर पडून होता. नागपूरच्या भंगारात मी शोधलेला. मोठ्या गाडीचा, पण एकदम कोरा. तुम्ही त्याच्याकडे पाहून नेहमी म्हणायचे, "याले शोभेले ठेव." गफूरभाई, मी तो नामदेवसाठी बसवला नाही. तुम्हाला दाखवायला बसवला. तोंड जुळेना म्हणून मधे लोखंडी पट्टी कापून घातली, भोकं पाडली, जेट बदलून पाहिले. दोन दिवस खपलो. तिसऱ्या दिवशी गाडी चालू केली आणि रेस दिली तेव्हा तिचा आवाज ऐकून शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला. मला वाटलं, जिंकलो.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. पिशवी खांद्यालाच होती. बॉनेट उघडं होतं. तुम्ही वाकून पाहिलं, गाडी चालू करायला लावली, आवाज अगदी खाली आणायला लावला आणि एकदम स्वतःच्या हाताने एक्सिलेटर पूर्ण ओढला. इंजिन खोकलं, पडलं, मग उठलं.

"आयकलं?"

"थंड हाये अजून," मी म्हणालो.

"थंड नाही. गळा मोठा हाये. काढ."

"सडकेवर नेऊन तर पहा."

"सदा, काढ म्हटलं ना."

मी काढला नाही. आणि तेवढ्यात नामदेव आला. तो गाडी घेऊन सडकेवर एक चक्कर मारून आला आणि उतरला तोच हसत. सपाट रस्त्यावर ती गाडी पळाली, खरंच पळाली. "काय बसवलं गफूरभाई! पक्षी झाला पक्षी!" तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तुम्ही त्याला म्हणालात, "आठ दिवसानं आन. जुना बसवून देतो." तो हसला आणि गेला.

त्याच दुपारी तुम्ही त्या जुन्या कारबोरेटरला बुश टाकला, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला. मी ते पाहत होतो.  

गाडी नेल्याच्या सहाव्या दिवशी नामदेवची बायको, शांता, बाळंतपणात अडली.

नामदेवचं गाव सडकेपासून आत, बैलगाडीच्या वाटेवर. मधे कोरडा नाला, वाळूचा, आणि सडकेच्या बाजूला उभी दरड. गाडी तो रोज सडकेवरच एका ओळखीच्याच्या अंगणात ठेवायचा, गावात नेत नसे. त्या दिवशी नेली. रिकामी गाडी नाला उतरून गावात गेली. परत येताना मागे शांता आडवी, तिच्याजवळ सुईण आणि नामदेवची आई, पुढे त्याचा चुलता. वैशाखातली भर दुपार. दरड चढताना त्याने पाय दाबला आणि इंजिन खोकलं, पडलं, आणि उठलं नाही. त्याने चोक ओढला. उतरून पुढे लोखंडी हँडल घालून मारलं. पुन्हा मारलं. पेट्रोलचा वास सुटला. त्याने इतकं हँडल मारलं की तळव्यांची सालं निघाली. चुलता बैलगाडी आणायला गावाकडे पळाला. बैलगाडी आली तेव्हा शांता बोलत होती. सडकेला लागेपर्यंत बोलायची थांबली. मूलही गेलं.

हे आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीच्या क्लीनरनं सांगितलं. तुम्ही फक्त विचारलं, "गाडी कोठी हाये?" मग फडक्यात गुंडाळलेला तो कारबोरेटर पिशवीत टाकलात, पाने घेतले, आणि आपण निघालो. फाट्यावर उतरलो, चालत गेलो. 

गाडी नाल्यातच होती. मागची दारं उघडी. सीटवर लुगड्याचा एक फाटका तुकडा. मी तो उचलायला गेलो तर तुम्ही माझा हात धरलात. "राहू दे." तुम्ही चारही प्लग काढले. ओल वाळून गेली होती, न जळलेल्या पेट्रोलची काजळी मात्र तशीच होती, बोटाला लागली तर निघेना. तुम्ही ते चारही माझ्या हातावर ठेवले.

दरडीवर गावातली पंधरावीस माणसं येऊन उभी राहिली होती. तुम्ही छत्तीसचा काढला, अठ्ठावीसचा बसवला, प्लग घासून लावले. मग वर पाहून म्हणालात, "चार मानसं बसा गाडीत." त्यांना कळेना. तुम्ही पुन्हा म्हणालात. तिघे आले, चौथा मी बसलो, मागे, त्या तुकड्याला अंग लावून. तुम्ही गाडी चालू केलीत, मागे घेतलीत आणि दरडीवर घातलीत.

चढली. हळू, सावकाश, एकदाही न खोकता.

ते तुम्ही कशासाठी केलं, गफूरभाई? त्या सगळ्यांच्या देखत? मी सात वर्षं विचार केला. मला कळावं म्हणून केलं असेल. की तुम्हालाच कळायला पाहिजे होतं, काढ म्हणून सांगितल्यावर तुम्ही स्वतः का काढला नाही त्याची शिक्षा किती ते?

वर पोचलो तर समोर नामदेव. सरण रचलं होतं तिथून आलेला, अंगावर राख, डोळे सुजलेले. त्याने गाडी चढताना पाहिली होती. त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो आपल्या दोघांकडे पाहत म्हणाला, "कोनं बसवला होता तो?"

मी तोंड उघडलं होतं. हे तुम्हाला माहीत आहे ना? मी उघडलं होतं.

"म्या," तुम्ही म्हणालात.

हँडल पुढच्या सीटजवळ पडलं होतं. त्याने ते उचललं. तुम्ही उजवा हात वर केलात, डोकं वाचवायला, आणि ते मनगटावर बसलं. दुसऱ्यांदा बोटांवर. मग त्याच्या चुलत्यानं त्याला मागे ओढलं. तुम्ही खाली बसलात, आणि डाव्या हाताने उजवा हात छातीशी धरून म्हणालात, "चाल सदा. मोटार जाईल."

फाट्यावर बाभळीखाली बसून मी तुमच्या हाताला माझं धोतर फाडून बांधलं आणि तुम्हाला शिव्या दिल्या. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "तुहं नाव घेतलं असतं तं गोष्ट कारबोरेटरची राह्यली असती का? माह्या हातावर निभावलं. तुहं तं वस्तीवर गेलं असतं."

"मी ताठ उभं राहायला दीक्षा घेतली, गफूरभाई. तुमच्या पाठीमागे लपायला नाही."

"मंग राह्य ना उभा. पन जिता राहून उभा राह्य."

हे आपलं भांडण. इथून पुढे सात वर्षं आपण ते निरनिराळ्या गोष्टींवरून भांडलो. स्क्रू कोणता लावायचा यावरून, दुकान किती वाजता उघडायचं यावरून. पोलिसात तुम्ही गेला नाहीत. मनगट वाकडं जुळलं, दोन बोटं मिटेनात. जेटाचा स्क्रू पाव फेरा फिरवणारा तुमचा हात गेला. त्यानंतर तुम्ही शेजारी उभं राहून ऐकायचे आणि फिरवायचो मी. "थोडा. थोडा अजून. बस. मांगे घे." इतकं चांगलं ट्यूनिंग जिल्ह्यात कुठे होत नाही असं लोक म्हणायचे. आणि तेच लोक बाभुळगावकडून येताना आपल्या गॅरेजवरून पुढे जायचे, कारण गफूरनं एक बाई मारली होती.

आता भाभींचं.

मला वाटलं होतं त्यांना खरं माहीत असेल. नवऱ्यानं बायकोला एवढं तरी सांगितलं असेल. त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मेरेकू तो उन्होंने येही बोला था, हलीमा, मेरे हाथ से हुआ."

मी खाली पाहत होतो.

"सात साल मैं उनकू ताने देती रही, सदाभाई. रोटी अच्छी नहीं बनी बोलते तो मैं बोलती, जिसने दो जान खायी उसकू रोटी का क्या स्वाद. ऐसा बोली मैं. उनके मूं पे बोली. वो हंस देते थे." त्यांचा आवाज चढला नाही. "और तुम उधर बैठके चाय पी रहे थे. रोज."

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय आत घेतले. "मेरे पास कायकू आये? जिसकी औरत मरी उसके पास जाव."

म्हणून काल गेलो. मोटारीने फाट्यापर्यंत, पुढे पायी. नाल्यावर आता दगडांची फरशी आहे, गाडी सहज जाते. नामदेव घरी होता. गाडी त्याने त्याच वर्षी विकली होती हे आपल्याला माहीत होतं. दुसरं लग्न केलं नाही. आई गेली. तो अंगणात गाईला पाणी पाजत होता. बत्तीस-तेहेतीसचा माणूस, पण तुमच्या वयाचा दिसतो.

"सदाशिव? काय काम काढलं?"

"गफूरभाई गेले."

त्याने बादली खाली ठेवली. "आयकलं म्या," एवढंच म्हणाला.

मी उभ्यानेच सांगितलं. फळीवरचा कारबोरेटर, तुमचं नेरला जाणं, तुम्ही काढ म्हणालात ते, मी काढला नाही ते. काही गाळलं नाही.  झाल्यावर गाईच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "मंग म्या कोनाचा हात मोडला?"

"गफूरभाईचा."

"ते माहीत हाये मले."

 गफूरभाई, मी मार खायच्या तयारीने गेलो होतो. शिव्या खाल्ल्या असत्या. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सत्य सांगून मोकळा व्हायला गेलो, आणि ज्याची बायको गेली, मूल गेलं, त्याच्या पदरात एका निरपराध माणसाचा मोडलेला हात टाकून आलो. त्याला माफी मागायला तुम्हीही उरला नाहीत.

"तो काहून नाही बोलला?"

"मला वाचवायला."

नामदेव मान हलवत राहिला. "बरोबर केलं त्यानं. तुहं नाव आलं असतं तं त्या दिवशी तू दरडीवरून जिता परत गेला नसता. माहा चुलता कुऱ्हाड घेऊनच उभा होता." तो हे माझ्याशी नव्हे, गाईशी बोलल्यासारखा बोलला. आपलं सात वर्षांचं भांडण त्याने असं एका दमात तुमच्या बाजूने लावून टाकलं. मला वाटलं होतं, तुम्ही मला दुबळं समजलात. तुम्ही फक्त दरडीवरच्या माणसांकडे नीट पाहिलं होतं. मी प्लगांकडे पाहत होतो.

मग त्याने विचारलं, "लहान असता तं चढली असती?"

"चढली असती."

"शांता वाचली असती?"

 सुईण म्हणाली होती मूल आडवं आहे. दवाखाना गाठला असता तरी काय झालं असतं कोण जाणे. तुम्ही असता तर काही बोलला असता, किंवा बोलायचं नाही हे तुम्हाला कळलं असतं. मी म्हणालो, "दवाखान्यात पोचली असती. पुढचं मले माहीत नाही."

"जोर म्याच मांगितला होता," तो म्हणाला. "तो नाही म्हने. म्याच मांगितला." आणि मग तो खाली बसला आणि रडला. आवाज न करता, डोकं गुडघ्यात घालून. मी त्याच्या खांद्याला हात लावू शकलो नाही. मला तो हक्क नव्हता. गाय त्याच्या पाठीशी नाक घासत होती.

नंतर त्याने तोंड धुतलं, सदरा बदलला आणि म्हणाला, "चाल. कबर दाखव मले."

मोटारीत आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. यवतमाळला उतरलो तेव्हा चार वाजले होते. कब्रस्तानच्या फाटकाशी मी त्याला तुमची जागा दाखवली, लिंबाजवळची, माती अजून ओबडधोबड असलेली. त्याने चपला काढल्या. मीही काढायला वाकलो.

तो म्हणाला, "तू नोको येऊ."

तो आत गेला. तुमच्याजवळ बसला. बोलत असावा, इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. उन्हं उतरेपर्यंत तो तिथंच होता, आणि मी बाहेर, सडकेच्या कडेला, चपला पायात घालून उभा.